आधी बोट, मग नळ

रसवाल्याच्या अंगात साखर शिरली ती संत्र्यातून नाही, मोसंबीतून नाही, अननसातून तर मुळीच नाही. ती आली एका पांढऱ्या गोळीतून. आणि गोळी अशी कडूजहर, की जिभेला नुसती चाटून गेली तरी माणसाने पेलाभर पाणी रिचवावं आणि वर देवाला दोन शिव्या द्याव्यात.

त्याआधी डोकं दुखायचं. कानशिलाशी, चष्म्याची दांडी टेकते तिथे, शीर तटतटून यायची. घास चावताना जबडा दुखायचा. बायको म्हणायची, "बोलून बोलून दुखत असेल. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, त्याला काय तेल घातलंय?"

खोटं नव्हतं ते. बस आगाराच्या फाटकाबाहेर त्याची रसाची गाडी, आणि गाडीवर तो उभा राहिला की फळांच्या आधी ओळी पिळायचा:

मोसंबीचा रस माझा, कोवळं कोवळं ऊन
दोन घोट घे पाहुण्या, मग जा निघून

बसचे वाहक ओळ ऐकायला थांबायचे आणि पेला घेऊन जायचे. शेजारच्या खोक्यात बसून किल्ल्या घासणारा कुलूपवाला म्हणायचा, "तुझ्या रसात पाणी आणि गाण्यात साखर. उलटं कर की कधीतरी."

मग एका सकाळी दाढी करताना डावा डोळा गेला. दुखलं नाही, खुपलं नाही. कोणीतरी आतून कडी लावून घ्यावी तसा गेला.

इस्पितळातली डॉक्टरीण वयाने लहान होती, पण बोलणं तोलून मापून. "काका, डोक्याच्या शिरेला सूज आहे. डावा डोळा परत येणार नाही, खोटी आशा देत नाही. उजवा वाचवायचाय. त्यासाठी ही स्टेरॉइडची गोळी. सकाळी खाऊन झाल्यावर दोन. कधी कमी करायची ते मी सांगेन. मनाने एकही सोडलीत तर उजवाही जाईल."

"जाईल म्हणजे?"

"जाईल म्हणजे जाईल, काका."

गोळीने डोकेदुखी अशी पळाली, की जणू कधी आलीच नव्हती. पण एक पाहुणा घालवायला दुसरा बोलवावा लागतो, आणि दुसरा पाय पसरून बसतो. रसवाल्याचा चेहरा गोल झाला, गाल वर चढले. लोक म्हणू लागले, "वा, तब्येत सुधारली! बायकोच्या हातचं लागलं!" तो हसायचा. आतून भूक नुसती कुरतडायची. घरातला पाव संपायचा, भात संपायचा, भूक मात्र संपायची नाही. घसा कोरडा पडायचा. पुढच्या तपासणीत डॉक्टरणीने कागद पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाली, "साखर वाढलीय. मधुमेह झालाय."

रसवाल्याच्या आधी त्याची बायको उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला, की डॉक्टरणीने तिलाच पाणी दिलं.

"ताई, घाबरू नका. ही गोळीने आणलेली साखर आहे. काकांनी काही खाल्लं म्हणून नाही. सकाळी बरी दिसेल, दुपारनंतर चढेल. गोळी कमी होत गेली की बहुतेक उतरेल. गोड बंद ठेवा, संध्याकाळी घरी बोट टोचून बघत जा. फार चढलेली दिसली तर मला फोन करा, तिच्यावर औषध आहे माझ्याकडे. गोळीला मात्र हात लावायचा नाही."

बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "कडू गोळीने गोड रोग होतो होय? मला शिकवू नका म्हणावं."

ती शिकण्यातली नव्हतीच. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिशात हात घातला होता, आणि तेही पगारी. कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर ती झडती घ्यायची. पाळी सुटली की बायका रांगेने यायच्या, हात वर करायच्या, आणि ही त्यांच्या कमरा, बाह्या, खिसे चाचपायची. दोऱ्याची रिळं, बटणांच्या पुड्या, एकदा तर अख्खी कॉलर. सगळे तिला झडतीबाईच म्हणायचे. फाटकावर तिचा एक नियम होता: आधी झडती, मग नळ. नळावर आधी सोडलं की बायका हात धुवायच्या निमित्ताने माल पन्हाळीत टाकतात, तोंड धुवायच्या निमित्ताने तोंडातला गिळतात. "नळावरून आलेला माणूस नेहमी निर्दोषच असतो," असं ती म्हणायची.

आणि साखरेशी तिचं जुनं वैर होतं. तिचा बाप साखरेनेच गेला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. शेवटपर्यंत लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "तुझी शपथ, कणभर खाल्लं नाही." तो गेल्यावर उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर आत चॉकलेटचे चांदीचे कागद. मूठभर. नीट सपाट करून ठेवलेले. बाप गेला याचं दुःख कधीतरी निवलं. शपथ खोटी होती हे काही निवलं नाही.

औषधाच्या दुकानातून साखर मोजायचं यंत्र आलं. दुकानदाराने घाईघाईत दाखवलं: स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसा, टोचा, पट्टीला थेंब लावा, आकडा येतो. बायकोने तिथल्या तिथे सगळं पाठ केलं.

पहिल्याच संध्याकाळी रसवाला गाडी लावून घरी आला, चपला काढल्या आणि नेहमीसारखा हात धुवायला मोरीकडे वळला. लग्न झाल्यापासूनची सवय. रसाचे हात, कोपरापर्यंत चिकट. आधी नळ, मग घर.

"थांबा. कुठे निघालात?"

"हात धुतो की."

"मोरीची वाट स्वयंपाकघरातून जाते. डबे तिथेच आहेत. आधी बोट, मग नळ."

"अगं, हात बघ माझे—"

"पुसते ना स्पिरिटने. इस्पितळातसुद्धा स्पिरिटच लावतात. बसा इथे."

तो दाराजवळच्या स्टुलावर बसला. तिने मधलं बोट धरलं, बोळ्याने दोनदा घासून पुसलं, टोचलं. यंत्राने जरा विचार केला आणि आकडा दाखवला. दोनशे नव्वद.

दुसऱ्या दिवशी तीनशेच्या वर. तिसऱ्या दिवशी त्याहून वर. सकाळी आंघोळ करून आल्यावर टोचलं की आकडा अगदी शहाण्यासारखा, शंभराच्या आसपास.

"सकाळी साधू," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी? रात्रभर माझ्यासमोर असता तेव्हा साखर नाही. दिवसभर बाहेर असता तेव्हा साखर. हिशेब मला येत नाही, असं वाटतं तुम्हाला?"

"डॉक्टरीण म्हणाली होती ना, सकाळी कमी, संध्याकाळी—"

"एवढी? एवढी म्हणाली होती?"

"मी थेंबसुद्धा घेत नाही गं. चाखतसुद्धा नाही आता. कुलूपवाल्याला विचार."

"चोराचा साक्षीदार कुलूपवाला. बरं आहे."

ते खरं होतं, की तो आता चाखत नव्हता. पूर्वी प्रत्येक भांड्यातला एक थेंब मनगटाच्या मागे टाकायचा, जिभेने टिपायचा, आंबट असेल तर मीठ, गोड असेल तर लिंबू. आता अंदाजानेच मीठ टाकायचा. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायची. दिवसभर गोडाच्या वासात उभं राहायचं, पोटात वणवा, आणि संध्याकाळी घरी चोर म्हणून हजर व्हायचं. बोटाला टोचलेलं दुखायचं नाही त्याला. फळं सोलणाऱ्याच्या बोटाला सुईचं काय कौतुक? तिची नजर टोचायची. आकडा यायच्या आधीच त्या नजरेत तो लिहिलेला असायचा.

एकदा तो म्हणाला, "डॉक्टरणीला फोन कर. तिनेच सांगितलंय, वाढली तर कळवा."

"काय कळवू? माझा नवरा चोरून खातो म्हणून? तारखेला जाऊ तेव्हा तुम्हीच सांगा आपल्या तोंडाने."

तिला एकच वाक्य म्हणायचं होतं, आणि तेवढंच ती म्हणत नव्हती: तुम्ही म्हणता ना, मग नसेल खाल्लं. रसवाला पेले विसळताना ते वाक्य तिच्या आवाजात मनात घोळवायचा. संसाराची एवढी वर्षं झाली, एवढ्या वर्षांच्या पुण्याईवर एक वाक्य उधार मिळू नये?

गाडीवरच्या ओळी बंद झाल्या. एका दुपारी कुलूपवाल्याने विचारलं, "काय रे, तोंडाला टाळं? किल्ली बनवून देऊ?"

रसवाल्याने सगळं सांगितलं. कुलूपवाला कानस थांबवून ऐकत राहिला.

"म्हणजे खाल्लं नाहीस."

"नाही."

"एकदाही?"

"तूही?" रसवाला म्हणाला. त्याच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

"अरे, गंमत केली. हे बघ, कुलूप बसत नसलं तर कुलूप फोडत नाहीत, किल्ली जरा घासतात. थोडी घासली की बसते."

कुलूपवाला आपला सहज बोलला आणि पुन्हा कानस फिरवू लागला. पण बुडत्याला काडी, आणि ही तर किल्ली होती. साखर आली कशातून? गोळीतून. मग गोळीच जरा घासली तर? दोनाची एक. आकडा उतरेल, ती बघेल, तिच्या तोंडून ते वाक्य निघेल. चार दिवस फक्त. मग पुन्हा दोन. चार दिवसांत डोळा काय पळून जाणार आहे? मनाने एकही सोडू नका, असं डॉक्टरीण म्हणाली होती. ते त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्याने ते बाजूला सारलं. एका डोळ्याच्या माणसाने उरलेला डोळा पणाला लावला तो बायकोने आपल्याला खरं मानावं म्हणून. लोक जुगारात याहून वाईट गोष्टींसाठी लावतात.

सकाळी ती त्याच्या आधी कामाला निघायची. औषधाच्या गोळ्या ती मोजत नसे. कडू कोण चोरतं? फाटकावरही ती बायकांच्या केराच्या पिशव्या उघडत नसे. तो एक गोळी गिळायचा आणि दुसरी गाडीवर घालायच्या एप्रनच्या खिशात टाकायचा. औषध केरात टाकायला मन धजेना. अन्न आणि औषध टाकू नये, असं आई सांगायची.

आणि आकडा? आकडा हलला नाही. तीनशेचा तीनशेच. एका संध्याकाळी तर वर. रसवाला त्या यंत्राकडे बघतच राहिला. गोळी कमी, तोंड बंद, आणि साखर तशीच. क्षणभर त्याला स्वतःचीच शंका आली. आपण झोपेत उठून खात तर नाही?

"बोला," बायको म्हणाली. "आज काय, अननस?"

त्या दिवशी त्याने खरोखरच दिवसभर अननस सोलले होते. चार दिवसांचे आणखी दिवस झाले. कानशिलाची शीर पुन्हा किंचित तटतटली, जबडा पुन्हा दुखला, आणि तो स्वतःला म्हणाला, उन्हाने असेल.

मग एका भर दुपारी तो पेल्यात रस ओततच राहिला. पेला भरला, वाहिला, रस गाडीच्या पत्र्यावरून खाली गिऱ्हाइकाच्या बुटावर. "अहो, दिसत नाही का?" गिऱ्हाईक ओरडलं. रसवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाचा रागावलेला चेहरा दिसत होता, टोपी दिसत होती, मागे उभी बस दिसत होती. पण खालचं काहीच नव्हतं. हात नव्हते, पेला नव्हता, गाडी नव्हती. जणू कोणी जगाला कमरेपासून खाली राखेत पुरलं होतं.

"नाही दिसत," तो शांतपणे म्हणाला.

कुलूपवाल्याने खोकं उघडंच टाकलं, त्याला रिक्षात घातलं आणि वाटेतून झडतीबाईला फोन केला. ती फाटक सोडून इस्पितळात पोचली तेव्हा रसवाला खाटेवर बसला होता, एप्रन काढून बाजूला ठेवलेला. डॉक्टरीण त्याच्या डोळ्यात उजेड टाकून बघत होती. बायकोने एप्रन उचलला, आणि हातांना जी सवय ती सवय: हात आपोआप खिशात गेला. बोटांना गोल, छोटं, कडक काहीतरी लागलं. एक नाही, बरंच.

"सापडलं," ती म्हणाली. आवाज रडका होता की जिंकलेला, तिचं तिलाच कळलं नसावं. "बघा डॉक्टरीणबाई, बघा. पेपरमिंट. खिसा भरलाय. म्हणे थेंबसुद्धा घेत नाही!" आणि त्यातली एक तिने सगळ्यांसमोर आपल्या जिभेवर ठेवली, पुराव्यासारखी.

तिचं तोंड असं वाकडं झालं, की कुलूपवाल्याने मान फिरवली. थुंकावं तर कुठे? तिने ती हातावर घेतली. अर्धी विरघळलेली, पांढरी.

डॉक्टरणीने तिच्या तळहातात पाहिलं. मग रसवाल्याकडे. "काका, किती दिवस?"

"झाले बरेच."

"का? मी सांगितलं होतं ना?"

"साखर उतरावी म्हणून," रसवाला म्हणाला. तो डॉक्टरणीशी बोलत होता, पण तोंड बायकोकडे होतं. "हिला वाटतं मी खातो."

"रोज तीनशे असते हो!" बायको म्हणाली. "सकाळी नसते, संध्याकाळी असते. हे बघा, पिशवीत आहे यंत्र. तुमच्यासमोर बघते, मग मला खोटी म्हणा." तिने बोळा काढला, त्याचं बोट धरून पुसलं, टोचलं. काम चोख. तीनशे अठरा.

"बघा."

डॉक्टरणीने रसवाल्याचा हात हातात घेतला. तिचा हातमोजा त्याच्या बोटांना चिकटला, आणि सुटताना चर्र आवाज आला. ती थांबली. "ताई, बोट टोचण्याआधी हे हात धुतात का?"

"स्पिरिटने पुसते. रोज दोनदा घासून."

"धुतात का?"

बायकोने हातातल्या बोळ्याकडे पाहिलं.

"स्पिरिटने फळाची साखर निघत नाही. साबण आणि पाणी लागतं. काका, चला." तिने त्याला धरून बेसिनपाशी नेलं, नळ सोडला, त्याच्या हातांना स्वतः साबण लावला, कोरडे केले, आणि त्याच यंत्रात नवी पट्टी घालून शेजारचं बोट टोचलं.

एकशे एकोणसाठ.

त्या खोलीत पाणी ठिबकत होतं, कारण नळ नीट बंद झाला नव्हता.

"एवढीच होती," डॉक्टरीण म्हणाली. "पूर्ण गोळी असती तर थोडी वर असती, त्यावर मी औषध दिलं असतं. पट्टीला लागत होती ती बोटावरची मोसंबी." मग तिला बोलायला वेळ राहिला नाही. शिरेतून औषध चढवायचं होतं, माणसं धावत होती. बायको मुठीत गोळ्या धरून भिंतीशी उभी राहिली. तिला तोंड धुवायला कोणीतरी नळ दाखवला. ती गेली नाही.

डोळा वाचला म्हणायचा तर अर्धा वाचला. वरचं दिसतं, खालचं नाही. छत दिसतं, पंखा दिसतो, दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसतो. ताट दिसत नाही, पायरी दिसत नाही, स्वतःचे हात तर नाहीतच. डॉक्टरीण म्हणाली, आहे तेवढा टिकवू. त्याहून जास्त काही म्हणाली नाही. गोळ्या वाढल्या, साखरेची नवी गोळी आली. गाडी कुलूपवाल्याने आपल्या खोक्यामागे उभी केली, वर ताडपत्री टाकली. "येशील तेव्हा ने," तो म्हणाला, आणि दोघांनाही ठाऊक होतं.

आता संध्याकाळी रसवाला कुठून येत नाही. घरातच असतो, खिडकीपाशी, मान खाली घालून. मान खाली घातली की उरलेल्या अर्ध्यात हात दिसतात. पण मान फार वेळ वाकत नाही. बायको कामावरून येते, खांद्यावरची पिशवी ठेवते, तांब्यात कोमट पाणी आणि परात घेऊन त्याच्यासमोर बसते. हातांना आता काही लागलेलं नसतं, तरी धुते. एकेक बोट, नखाच्या कडा, मधल्या सांधी. दोनदा साबण लावते. जुन्या फळांचे डाग कातडीत मुरलेत, ते निघत नाहीत. त्याने कधी विचारलं नाही, आता रोज एवढं काय धुतेस? तिने कधी सांगितलं नाही.

आज तिने हात पुसले, बोट टोचलं, पट्टी लावली. यंत्र तिच्या मांडीवर होतं, त्याच्या न दिसणाऱ्या अर्ध्यात. तो समोर तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. चेहरा त्याला लख्ख दिसत होता.

"एकशे चौतीस," ती म्हणाली.

तो काही बोलला नाही.

"खरंच. एकशे चौतीस आहे." तिने यंत्र उचललं, हात लांब केला, वर, आणखी वर, त्याच्या कपाळाच्या रेषेत धरला. "बघा ना. बघा तुम्हीच."

रसवाल्याने डोळा मिटला.

"तू म्हणतेस ना," तो म्हणाला, "मग असेल."

ती यंत्र तसंच वर धरून बसली.